आलिशान मोटारीचा तिसरा मालक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नव्या छोट्या मोटारीच्या किमतीत सात-आठ वर्षे वापरलेली आलिशान मोटार मिळते, असा सल्ला वृत्तपत्रांच्या मोटारविषयक पानांवर आणि विक्रेत्यांच्या जाहिरातींत हल्ली वारंवार वाचायला मिळतो. त्यातले खरेदीचे गणित बरोबर आहे, कारण या वर्गातल्या गाड्यांची किंमत साध्या गाड्यांच्या तुलनेत फार वेगाने उतरते. मात्र गाडीची किंमत उतरली म्हणून तिच्या सुट्या भागांची किंमत उतरत नाही. दहा वर्षांच्या गाडीला लागणारा टर्बोचार्जर (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप) किंवा एअर सस्पेन्शनचा, म्हणजे हवेच्या फुग्यांवर गाडी तोलणाऱ्या यंत्रणेचा, कॉम्प्रेसर नव्या गाडीच्याच दराने येतो आणि तो बसवायला लागणारे कामाचे तासही तेवढेच, किंबहुना गंजून धरलेल्या नटबोल्टांमुळे थोडे जास्तच, असतात. वापरलेल्या गाड्या खरेदीपूर्वी तपासून देणे हा माझा व्यवसाय आहे आणि या न छापल्या जाणाऱ्या बाजूमुळे चांगल्या माणसांची पुंजी अडकलेली मी पाहत आलो आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

या गाड्यांची देखभाल कोणाच्या सोयीने आखलेली असते, हे आधी समजून घेतले पाहिजे. ती आखलेली असते पहिल्या मालकाच्या सोयीने. तो गाडी तीन-चार वर्षे वापरतो, वॉरंटी संपत आली की बदलतो आणि या काळात त्याला गॅरेजची पायरी शक्य तितकी कमी चढावी लागावी, अशी कंपनीची इच्छा असते. त्यामुळे इंजिन ऑइल बदलण्याची मुदत ताणली जाते. युरोपीय कंपन्यांच्या ‘लाँगलाइफ’ वेळापत्रकात ती ३०,००० किलोमीटर किंवा २ वर्षे इथपर्यंत जाते. पहिल्या मालकाच्या हातात त्यामुळे काहीही बिघडत नाही. त्या थकलेल्या ऑइलमध्ये चाललेल्या, इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडवणाऱ्या टायमिंग चेनची, टर्बोची आणि पिस्टनच्या रिंगांची झीज दुसऱ्या मालकाच्या काळात साचत जाते आणि बिल मात्र तिसऱ्याच्या नावावर फाटते. म्हणूनच ‘कंपनीच्या वेळापत्रकानुसार सर्व सर्व्हिसिंग झालेले आहे’ हे विक्रेत्याचे वाक्य ऐकून मी निश्चिंत होत नाही. त्या वेळापत्रकाच्या आधीच, म्हणजे १०,००० ते १२,००० किलोमीटरच्या आसपास, कोणी स्वतःहून ऑइल बदलत आले आहे का, हे मला बिलांवरून पाहायचे असते.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची कथा याहून वाईट आहे. अनेक मोटार कंपन्यांनी गिअरबॉक्समधले ऑइल ‘आयुष्यभरासाठी भरलेले’ असल्याचे सांगितले आणि ते बदलण्याचा उल्लेखच वेळापत्रकातून काढून टाकला. पण बीएमडब्ल्यू, जग्वार, लँड रोव्हर आणि ऑडीच्या कित्येक मॉडेलमध्ये जो गिअरबॉक्स बसतो, तो बनवणारी जर्मनीची झेडएफ कंपनी स्वतः मात्र ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरच्या दरम्यान किंवा आठ वर्षांनी ऑइल बदलावे, अशी शिफारस करते. बनवणारा एक सांगतो आणि विकणारा दुसरे, तेव्हा मी तरी बनवणाऱ्याचे ऐकेन. या गिअरबॉक्सचा तळाचा पॅन प्लॅस्टिकचा असून फिल्टर त्यातच बसवलेला असतो, म्हणजे फिल्टर बदलायचा तर अख्खा पॅन बदलावा लागतो; त्यामुळे हे काम झाले असेल तर त्याचे बिल असतेच. एक लाख किलोमीटरच्या पुढे गेलेल्या गाडीत असे बिल नसेल, तर गिअर पडताना झटका बसतो का आणि उतारावर वेग कमी होताना खालचा गिअर हिसक्याने पडतो का, हे इंजिन आणि गिअरबॉक्स पूर्ण तापल्यावर पुन्हा तपासावे. थंड असताना गुळगुळीत चालणारा गिअरबॉक्स अर्ध्या तासाने आपले खरे रूप दाखवतो.

इंजिनाच्या बाबतीत नेमके याच्या उलट आहे. तिथे खरी माहिती मिळते ती इंजिन पूर्ण गार असताना आणि तीही पहिल्या दोन-तीन सेकंदांत. मी विक्रेत्याला आदल्या दिवशीच कळवून ठेवतो की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका, आणि पोहोचल्यावर सर्वांत आधी बॉनेटवर हात ठेवतो. ते कोमट लागले, तर त्या दिवशी तपासणी करत नाही. गार इंजिन सुरू होताच पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखा खडखडाट ऐकू आला आणि ऑइलचा दाब तयार होताच तो थांबला, तर टायमिंग चेन सैल झाली आहे किंवा तिला ताणून धरणारा टेन्शनर दाब धरून ठेवत नाही, असे समजावे. बीएमडब्ल्यूचे २००७ मध्ये आलेले एन४७ हे चार सिलिंडरचे डिझेल इंजिन या दोषासाठी बदनाम आहे, कारण त्यात चेन पुढच्या बाजूला नसून मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला बसवली आहे. चेन स्वतः महाग नाही, पण तिथपर्यंत हात पोहोचवायला गिअरबॉक्स किंवा अख्खे इंजिन उतरवावे लागते, आणि दुरुस्ती टाळली व चेन तुटली तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून इंजिनच निकामी होते. त्याच कंपनीच्या एन२० या पेट्रोल इंजिनात चेनला आधार देणाऱ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या ठिसूळ होऊन मोडतात आणि त्यांचे तुकडे ऑइलच्या तळाशी जाऊन पडतात. मर्सिडीजच्या एम२७२ या सहा सिलिंडरच्या इंजिनात, विशेषतः २००४ नंतरच्या पहिल्या काही वर्षांत बनलेल्या, इंजिनाची थरथर कमी करणाऱ्या बॅलन्स शाफ्टवरच्या दातेरी चक्राचे दात अकाली झिजत असत. तो दोष दुरुस्त करायलाही इंजिन बाहेर काढावे लागते. पोर्शच्या १९९७ ते २००८ या काळातल्या बॉक्स्टर आणि ९११ च्या इंजिनातल्या, टायमिंग चेन फिरवणाऱ्या मधल्या शाफ्टचे बेअरिंग फुटून इंजिन संपल्याची उदाहरणे जगभर आहेत. २००९ च्या मॉडेलपासून कंपनीने तो शाफ्टच काढून टाकला. त्याच काळातल्या ९११ टर्बोला हा रोग नाही, कारण तिचे इंजिन वेगळ्या घराण्यातले आहे.

हे शेवटचे वाक्य मी मुद्दाम लिहिले. गाडीच्या पाठीवरचे नाव एकच असते, पण आतले इंजिन वर्षागणिक आणि प्रकारागणिक बदललेले असते आणि त्यावरच सगळे अवलंबून असते. ऑडीची २.० टीएफएसआय (दोन लिटरच्या टर्बो पेट्रोल इंजिनाची) मोटार चांगली की वाईट, या प्रश्नाला एक उत्तर नाही. २००९ ते २०११ च्या सुमाराच्या त्या इंजिनात ऑइल खाली ओढणाऱ्या रिंगांची बारीक छिद्रे काजळीने बुजतात आणि इंजिन ऑइल खाऊ लागते. पुढच्या पिढीत रचना सुधारली. बीएमडब्ल्यूच्या एन६३ या आठ सिलिंडरच्या इंजिनात दोन्ही टर्बो इंजिनाच्या मधल्या खोबणीत बसवले आहेत, त्यामुळे तिथे साठणाऱ्या उष्णतेने व्हॉल्व्हचे सील कडक होतात, बॅटरी लवकर मरते आणि आसपासच्या नळ्या ठिसूळ होतात. कंपनीला २०१४ मध्ये या इंजिनासाठी खास देखभालीची योजना जाहीर करावी लागली होती. तीच गाडी सहा सिलिंडरच्या इंजिनात घेतली, तर आराम तेवढाच मिळतो आणि डोकेदुखी कितीतरी कमी होते. खरेदीदार मात्र मोठ्या इंजिनाच्या मोहात पडतो, कारण जुन्या बाजारात मोठे इंजिन बहुधा स्वस्त सुटते. ते स्वस्त का सुटते, हा प्रश्न त्याने विक्रेत्याला विचारलाच पाहिजे.

थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनांची आणखी एक अडचण अशी की पेट्रोल व्हॉल्व्हवरून वाहत नाही, त्यामुळे आत येणाऱ्या हवेच्या व्हॉल्व्हवर काजळीचे थर जमतात आणि ६०,००० ते ८०,००० किलोमीटरनंतर गाडी उभ्या जागी थरथरू लागते. अक्रोडाच्या टरफलांचा बारीक चुरा हवेच्या दाबाने मारून ते थर काढतात. हे काम झाल्याचे बिल दाखवणाऱ्या मालकाबद्दल माझे मत चटकन चांगले होते. डिझेल गाड्यांत हीच काजळी धुराच्या फिल्टरमध्ये अडकते. ती जाळून टाकण्यासाठी फिल्टर ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापावा लागतो आणि त्यासाठी गाडी सलग काही वेळ वेगात चालावी लागते. शहरातच दोन-चार किलोमीटरच्या फेऱ्या मारत राहिलेल्या गाडीत ते जळण अर्धवट राहते, जादा फवारलेले डिझेल ऑइलमध्ये उतरते आणि ऑइलची पातळी वाढलेली दिसते. पातळी कमी झाली की सगळे सावध होतात. वाढलेली पातळी मात्र कोणी मनावर घेत नाही, आणि तीही धोक्याची असते.

एअर सस्पेन्शनबद्दल मात्र थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण या गाड्यांची मऊ, तरंगती चाल पाहूनच ग्राहक भाळतो. हवेच्या फुग्यांवर गाडी तोलण्याची ही पद्धत रेंज रोव्हरमध्ये आधीपासून होती, मर्सिडीजने ती १९९८ च्या एस-क्लासपासून रुळवली आणि पुढे ऑडी, पोर्श अशा अनेकांनी आपापल्या मोठ्या गाड्यांत ती वापरली. फुगा रबराचा असतो आणि आठ-दहा वर्षांत त्याच्या घडीवर बारीक भेगा पडतातच. सुरुवातीला गळती इतकी मंद असते की गाडी चालू असताना काहीच कळत नाही. कॉम्प्रेसर गुपचूप हवा भरत राहतो आणि जास्त वेळ चालून तोही तापतो, झिजतो. म्हणून मी पहाटे, गाडी रात्रभर उभी असताना, चारही चाकांच्या कमानीखाली बोटे घालून टायर आणि कमान यांतले अंतर पाहतो. एका कोपऱ्यात चार बोटे जातात आणि दुसऱ्यात दोनच, असे आढळले की त्या कोपऱ्यातला फुगा गेलेला असतो. त्यानंतर गाडी सुरू करून ती वर उचलायला किती वेळ लागतो ते मोजतो आणि कॉम्प्रेसरचा आवाज ऐकतो. एक फुगा बदलून भागेल असे विक्रेते सांगतात, पण चारही फुगे एकाच वयाचे असतात आणि पहिला गेला की इतरांची पाळी दूर नसते. काही जण फुगे काढून साध्या स्प्रिंगा बसवतात. त्यात गैर काही नाही, फक्त ते खरेदीदाराला सांगितले गेले पाहिजे आणि किमतीत दिसले पाहिजे.

पाण्याचे नुकसान ओळखायला सर्वांत अवघड. या गाड्यांचे इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिट, म्हणजे गाडीतले छोटे संगणक, पुष्कळदा सीटखाली, पायाखालच्या गालिच्याखाली किंवा डिकीच्या तळाशी असतात. गाडी पुरात बुडालीच पाहिजे असे नाही. सनरूफच्या कोपऱ्यातली पाणी वाहून जाण्याची नळी पाल्यापाचोळ्याने तुंबली, तरी पावसाचे पाणी खांबांतून उतरून थेट तिथे साचते. वर सुगंधी फवारा मारलेला, कातडे पॉलिश केलेले आणि गालिचा उचलला की खालचा फोम हाताला ओला लागतो, वायरींच्या जोडांवर तांब्याची हिरवी बुरशी चढलेली असते, अशा गाड्या मी पाहिल्या आहेत. अनेक आलिशान गाड्यांत रेडिओ, स्क्रीन, अँप्लिफायर, फोन हे सगळे प्रकाशतंतूच्या एका कड्यात जोडलेले असतात आणि कड्यातला एकही भाग मेला की सगळेच मुके होते. ‘रेडिओ तेवढा चालत नाही, किरकोळ काम आहे’ असे सांगितले गेले, तर गालिचा उचलून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. वॉटर पंपही आता पुष्कळ गाड्यांत विजेवर चालतो. जुना पंप आधी गळायचा आणि सूचना द्यायचा, हा एखाद्या दिवशी चालताचालता बंद पडतो आणि इंजिन तापते. एक लाख किलोमीटरच्या आसपास तो थर्मोस्टॅटसह बदलून टाकणेच शहाणपणाचे.

किलोमीटरच्या आकड्यावर विसंबू नये, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. पण आलिशान गाड्यांत तो आकडा मीटरखेरीज इतर कंट्रोल युनिटांत आणि काही कंपन्यांच्या चावीतही नोंदला जातो, हे ठाऊक नसते. मीटर मागे फिरवणारा सगळ्याच ठिकाणी हात फिरवतो असे नाही. गाडीच्या संगणकांतल्या नोंदी वाचणाऱ्या चांगल्या स्कॅनरवर हे आकडे शेजारी शेजारी ठेवले की तफावत उघडी पडते. स्कॅनर लावताना आणखी एक गोष्ट पाहावी. दोषांच्या नोंदी आदल्या रात्री पुसल्या, की धुराच्या उत्सर्जनाबाबत गाडी स्वतःच स्वतःवर करते त्या चाचण्याही कोऱ्या होतात आणि त्या पुन्हा पूर्ण व्हायला बऱ्याच वेगवेगळ्या प्रकारचे चालवणे लागते. एकही दोष दिसत नाही आणि चाचण्याही अपूर्ण, असे चित्र दिसले तर ती गाडी निरोगी आहे असे मी म्हणणार नाही.

जुन्या गाडीचा १७ अक्षरांचा चॅसिस क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा अधिकृत वितरकाकडे तपासून, दुरुस्तीसाठी परत बोलावलेल्या गाड्यांत ती आहे का, हे पाहायला पैसा लागत नाही. तरी बहुतेक जण ते करत नाहीत, याचे मला वाईट वाटते. ताकाता कंपनीच्या एअरबॅगमधला अमोनियम नायट्रेट उष्णता आणि दमटपणाने खराब होऊन एअरबॅग उघडताना धातूचे तुकडे उडतात. त्यामुळे माणसे मेलेली आहेत, आणि या परत बोलावलेल्या गाड्यांत बीएमडब्ल्यू, मर्सिडीज, ऑडी, जग्वार, लेक्सस ही नावेही होती. मर्सिडीजची विजेवर चालणारी ब्रेकप्रणाली २००४ आणि २००५ मध्ये मोठ्या प्रमाणावर परत बोलवावी लागली होती. त्या प्रणालीतला पंप ब्रेक किती वेळा दाबला गेला याची मोजदाद ठेवतो आणि ठरलेली संख्या भरली की इशारा देतो. २००२ ते २००६ च्या ई-क्लासचा विचार करणाऱ्याने तो पंप केव्हा बदलला, हे विचारल्याशिवाय हो म्हणू नये.

या सगळ्याचा अर्थ जुनी आलिशान गाडी घेऊच नये, असा मी काढत नाही. हौसेला मोल नाही हे खरे, आणि नीट राखलेली अशी गाडी दोन लाख किलोमीटरनंतरही ज्या शांतपणे चालते, ते सुख दुसऱ्या गाडीत मिळत नाही. लेक्सससारखी कंपनी तर विश्वासार्हतेच्या सर्वेक्षणांत वर्षानुवर्षे वरच्या क्रमांकांत असते, कारण ती नवी यंत्रणा घाईने आणत नाही आणि मूळच्या टोयोटाच्या पारखलेल्या इंजिनांवर भर देते. मला विचारलेत तर ४०,००० किलोमीटर चाललेल्या पण वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या, नोंदी नसलेल्या गाडीपेक्षा दीड लाख किलोमीटर महामार्गावर धावलेली आणि जाडजूड बिलांची फाईल सोबत असलेली गाडी मी निवडेन. उभ्या गाडीचे सील वाळतात, ब्रेकच्या तेलात दमटपणा मुरतो, टायर आतून कडक होतात. टायरच्या बाजूवर कोरलेल्या चार आकड्यांत पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. चारही टायर वेगवेगळ्या कंपन्यांचे आणि स्वस्तातले असतील, तर मालकाने जिथे दिसत नाही तिथेही अशीच काटकसर केली असणार, असे मी धरून चालतो. खरेदीच्या रकमेचा पाचवा हिस्सा तरी पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी वेगळा ठेवता येत नसेल, तर ती गाडी आपल्या ऐपतीबाहेरची आहे, असे मी माझ्या ग्राहकांना स्पष्ट सांगतो, आणि त्यात काही जण दुखावले तरी माझी हरकत नसते.

आपल्याकडून माझी अपेक्षा एवढीच आहे की वापरलेल्या आलिशान गाड्यांवरचे लेख छापताना केवळ मॉडेलचे नाव, किंमत आणि आतल्या सुखसोयी एवढ्यावर थांबू नये. त्या वर्षी त्या मॉडेलमध्ये कोणते इंजिन आणि कोणता गिअरबॉक्स होता, त्यांचे माहीत असलेले दोष कोणते, ती गाडी कधी परत बोलावली गेली होती का आणि पाच-सहा नेहमी लागणारे सुटे भाग नवे किती दराने मिळतात, हे लेखासोबत एका चौकटीत द्यावे. विक्रेत्यांच्या जाहिरातींतही इंजिनाचा सांकेतिक क्रमांक आणि सर्व्हिसच्या नोंदी उपलब्ध आहेत की नाहीत, याचा उल्लेख असावा, असा आग्रह जाहिरात घेताना धरता येईल. चौकटीसाठी लागणारी इंजिननिहाय माहिती हवी असल्यास ती मी आणि या व्यवसायातले माझे सहकारी आनंदाने लिहून पाठवू.

आपला नम्र,
एक मोटार तपासनीस